सदाफुलीचं पान आणि सलाईनमधलं व्हिन्क्रिस्टिन

नाशिकमध्ये सदाफुली शोधावी लागत नाही. पंचवटीतल्या वाड्यांच्या अंगणात, सोसायटीच्या कुंपणाकडेला, गच्चीवरच्या फुटक्या बादलीत ती आपसूक येते आणि बारा महिने फुलते. शुगर उतरावी म्हणून सकाळी उपाशीपोटी तिची चार पानं चावणारे बरेच आहेत. घरात कुणाला कॅन्सर निघाला की हीच पानं त्याच्यासाठीही वाटली जातात, कारण 'कॅन्सरचं औषध सदाफुलीपासूनच बनतं' हे कुणीतरी सांगितलेलं असतं. ते खरंच आहे. म्हणूनच नुसतं 'खोटं आहे हो' म्हणून हा विषय मिटत नाही, हिशोब मांडावा लागतो.

व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन्ही औषधं सदाफुलीतून निघतात. १९५० च्या दशकात कॅनडातले संशोधक तिच्या पानांचा मधुमेहासाठी अभ्यास करत होते. साखर फारशी उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झालेल्या दिसल्या. तिथून ही औषधं रक्ताच्या कॅन्सरपर्यंत पोचली. आता प्रमाण बघा. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला ढोबळमानाने ५०० किलो वाळलेली पानं लागतात. मोठ्या माणसाला एका वेळी जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम देतात, म्हणजे एका डोसमागे साधारण किलोभर वाळलेला पाला. शिवाय हे औषध पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणूनच ते शिरेतून द्यावं लागतं. चार पानांतून कॅन्सरवर चालेल एवढं व्हिन्क्रिस्टिन रक्तात जाण्याची शक्यता नाही.

मग पानं निरुपद्रवी का? तेही नाही. सदाफुलीत शंभराहून जास्त अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरदार काम करणारी वनस्पतीतली रसायनं, आहेत. काही साखर उतरवतात, तिच्या मुळांतलं अजमालिसिन रक्तदाबावर काम करतं. केमोमुळे जेवण तुटलेला, उलट्यांनी गळून गेलेला पेशंट मधुमेहाची गोळी घेऊन वर ही पानं खातो, तेव्हा साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते आणि घरचे समजतात केमोचा अशक्तपणा आहे. म्हणजे फायद्यापुरतं औषध त्या पानात नाही, त्रासापुरतं मात्र आहे.

दुसऱ्या टोकाला शुद्ध औषध बघा. व्हिन्क्रिस्टिन शिरेत दिलं तर जीव वाचवतं. तेच चुकून मणक्यातल्या पाण्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव घेतं. म्हणून ते इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत घालून द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिशवी कुणी मणक्याला लावणार नाही, एवढा साधा त्यामागचा विचार. शिरेतून देतानाही ते शिरेबाहेर गळलं तर आजूबाजूचं मांस जळतं. सलाईन चालू असताना सुई टोचलेल्या जागी आग व्हायला लागली तर 'थोडं सहन करतो' म्हणू नका, लगेच सिस्टरना हाक मारा.

आपल्याच सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, काही भागांत त्याला अमृता म्हणतात. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडच्या जंगलात ते चोरून तोडलं जातं, कारण त्याच्यात कॅम्पटोथेसिन मिळतं. हा पदार्थ मुळात १९६६ साली एका चिनी झाडात सापडला. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्याचं सोडियम सॉल्ट करून पेशंटना दिलं, तर मूत्राशयातून रक्त जायला लागलं आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत बदल केले, त्यातून टोपोटेकन आणि इरिनोटेकन आली आणि १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाली. झाडात होतं तसं ते माणसाला सोसलं नाही, बदलल्यावर सोसलं. हिमालयातल्या बनककडीच्या बाबतीतही असंच. तिच्या मुळातलं पोडोफायलोटॉक्सिन पोटात घेण्याच्या लायकीचं नाही, त्यापासून तयार केलेलं एटोपोसाइड रोज वापरात आहे. जंगलातल्या मुळीची पूड कुणी 'हेच केमोचं औषध, साइड इफेक्टशिवाय' म्हणून देत असेल तर तो नेमकी उलटी गोष्ट सांगतोय.

आता घरातल्या काढ्याकडे येऊ, कारण बहुतेकांचा संबंध तिथेच येतो.

'गुळवेल घेतो' या दोन शब्दांतून डॉक्टरला काहीच कळत नाही. शास्त्रात सांगितलेला काढा म्हणजे एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मंद आचेवर आटवून आठवा भाग उरवायचा. ५० ग्रॅम गुळवेल, ८०० मिली पाणी, उरलं १०० मिली. घरी काय होतं? बोटभर कांडी दोन कप पाण्यात उकळून एक कप. दोन्हीला आपण काढाच म्हणतो. तोच काढा आणखी आटवून घट्ट केला की घन, त्याच्या गोळ्या म्हणजे घनवटी. आणि कॅप्सूलमध्ये असतो तो अर्क, बहुतेकदा पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात काढलेला. अल्कोहोलमध्ये पाण्यात न विरघळणारी द्रव्यंही उतरतात, त्यामुळे कॅप्सूल म्हणजे 'सोयीचा काढा' नव्हे, ती रासायनिकदृष्ट्या वेगळी वस्तू आहे. डबीवर १०:१ लिहिलं असेल तर ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमागे ५ ग्रॅम वनस्पती वापरलेली असते. हे गुणोत्तर लिहिलेलंच नसेल तर मात्रेचा अंदाज कुणालाच करता येत नाही, वैद्यांनाही नाही. केमो चालू असताना अशी डबी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हळद हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. आमटी-भाजीत माणशी अर्धा चमचा गेली तरी ४०-५० मिलिग्रॅम. ती खुशाल खा. कॅप्सूलमध्ये मात्र ९५ टक्क्यांचा अर्क असतो, एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि लोक दिवसाला दोन-चार घेतात. प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारायला जेवढं कर्क्युमिन लागतं तेवढं रक्तात पोचतच नाही. रोज ८ ग्रॅम देऊन केलेल्या अभ्यासातही रक्तातली पातळी जेमतेम १.७७ मायक्रोमोलरपर्यंत गेली होती, बशीत त्याच्या कितीतरी पट वापरतात. ही अडचण उत्पादकांनाही ठाऊक आहे, म्हणून ते त्यात मिऱ्यातलं पिपरिन घालतात. १९९८ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर शोषण वीस पटीने वाढलं होतं. जाहिरातीत हा आकडा अभिमानाने छापतात. पण पिपरिन हे करतं कसं, तर आतडं आणि लिव्हरमधली औषधं निकामी करणारी यंत्रणा मंद करून. ती यंत्रणा केमोच्या औषधांसाठीही तीच आहे. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी घेणाऱ्या स्त्रियांवरच्या एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिन आणि पिपरिन एकत्र दिल्यावर टॅमॉक्सिफेनचं खरं काम करणारं रूप, एन्डॉक्सिफेन, रक्तात सुमारे १२ टक्क्यांनी कमी झालं. शिवाय अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलनी लिव्हर सुजल्याच्या केसेस इटली आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा वरणातली हळद आणि डबीतली हळद, हे दोन वेगळे विषय आहेत.

गुळवेलीवर वाद झाला आणि अजून होतो. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असावी असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी कॅन्सरच्या पेशंटला दोन्ही बाजूंनी एकच अर्थ निघतो. खरी गुळवेल असेल तर ती प्रतिकारशक्तीला चालना देते आणि काहींमध्ये तीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटते. खोटी असेल तर पुडीत काय आहे तेच माहीत नाही. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारी औषधं) चालू असेल तर गुळवेल पूर्ण बंदच ठेवा. त्या औषधांनी स्वतःच लिव्हरला सूज येऊ शकते, आणि दोन्ही चालू असताना एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ततपासणी) चढलं तर दोष कुणाचा हे ठरवता येत नाही. मग डॉक्टर नाइलाजाने महागडी, कदाचित उपयोगी पडत असलेली इम्युनोथेरपीच थांबवतात.

लिव्हरमधल्या ज्या यंत्रणेबद्दल वर लिहिलं तिचा मुख्य भाग म्हणजे सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम. व्हिन्क्रिस्टिन, डोसिटॅक्सेल, इमॅटिनिब, इरिनोटेकन अशी कितीतरी औषधं तिथून जातात. एखादी वनस्पती हे एन्झाइम मंद करते, मग औषध साचतं आणि विषारी परिणाम वाढतात. एखादी ते वेगवान करते, मग औषध लवकर निघून जातं आणि कॅन्सरला मोकळं रान मिळतं. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण पेशंटला काहीच त्रास जाणवत नाही, उलट 'यावेळी केमो सोपी गेली' असं वाटतं. सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी वनस्पती आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळत नाही, पण 'मूड' आणि झोपेसाठीच्या ऑनलाइन कॅप्सूलमध्ये असते. तिने इरिनोटेकनचं काम करणारं रूप रक्तात ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००२ मध्ये दिसलं. ती बंद केल्यावरही परिणाम जवळपास दोन आठवडे राहतो. त्यामुळे 'केमोच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी घेऊ नका, बाकी चालेल' हा जो सर्रास सल्ला दिला जातो तो अशा वनस्पतींना लागूच पडत नाही.

नाशिककरांसाठी इथे एक खुलासा करायलाच हवा. औषधाच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट टाळा' लिहिलेलं असतं आणि लोक द्राक्षं सोडतात. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं फळ, आपल्याकडचं त्याचं जवळचं भावंड म्हणजे पपनस. दोन्ही टाळा. द्राक्षं चालतात, फक्त वाहत्या पाण्याखाली मणी सुटे करून नीट धुवा, फवारणीचा अंश देठाजवळ बसलेला असतो. द्राक्षाच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र द्राक्षं नव्हेत, त्या वर सांगितलेल्या डब्यांच्या रांगेतच बसतात. आणि मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरसाठी बोर्टेझोमिब चालू असेल तर ग्रीन टी आणि त्याचा अर्क दोन्ही बंद. ग्रीन टीमधलं ईजीसीजी बोर्टेझोमिबच्या रेणूतल्या बोरॉनलाच जाऊन चिकटतं आणि औषध निकामी करतं, हे प्रयोगशाळेत आणि उंदरांत स्पष्ट दिसलेलं आहे.

गव्हांकुराच्या रसाबद्दल बोलताना आवाज चढतो, कारण यात धोका वनस्पतीचा नसून कच्चेपणाचा आहे आणि तो टाळता येतो. ट्रेमधल्या ओल्या मातीत सात-आठ दिवस वाढवलेलं गवत मुळाशी कापून, न शिजवता, मिक्सरमधून काढून प्यायचं. मातीतले जंतू आणि बुरशी पेल्यात येतात. निरोगी माणूस पचवतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली असताना हाच रस रक्तात जंतू सोडू शकतो. कोरफडीचा ताजा गर, दुधीचा कच्चा रस, पपईच्या पानांचा रस, सगळ्यांना हेच लागू. दुधीचं आणखी एक आहे: चव कडू लागली तर घोटभरही पिऊ नका. कडवटपणा कुकुरबिटासिनचा असतो, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत.

याच दिवसांत ताप आला तर? १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की तो कॅन्सरच्या पेशंटसाठी आणीबाणीचा ताप आहे. गुळवेल-तुळशीचा काढा देऊन रात्र काढायची नाही. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असतं. या पूर्ण लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बाजारातल्या भेसळीबद्दल. भद्रकाली-रविवार कारंजाकडची जुनी काष्ठौषधीची दुकानं आपला माल ओळखतात, पण त्यांच्याकडेही माल व्यापाऱ्याकडून पोत्यात येतो. अशोकाची साल म्हणून सीता अशोकाऐवजी उंच सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल येते. घाटावर किंवा त्र्यंबकच्या रस्त्याला चादर पसरून बसलेल्याकडून घेतलेल्या मुळीचं तर नावही तो सांगेल ते. सापसन, काही जण तिला ईश्वरी म्हणतात, ही वेल मुळीच घेऊ नका. तिच्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड किडनी निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करतं. हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. कॅन्सरवरचं औषध म्हणून कॅन्सर करणारी मुळी विकली जाते. बिब्ब्याचंही तसंच. वैद्य तो शोधन करून, विटेच्या चुऱ्यात घासून, तेल काढून मगच वापरतात. कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत तो आहे. घरी केलेला बिब्बा उतला तर अंगावर फोड येतात, आणि केमोने आधीच सोललेल्या तोंडात तो गेला तर काय होईल ते सांगायला नको. लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा मोबाइलवरच्या मेसेजमधून 'केमोच्या दहा हजार पट' म्हणून फिरतो. त्यातलं अ‍ॅनोनासिन मेंदूच्या पेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर या कुळातली फळं आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त आढळला, ती नोंद १९९९ ची.

रसौषधी आणि भस्मं, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेली औषधं, यांवर एकच परिच्छेद. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना किडनी आधीच ताणाखाली असते, तिच्यावर पारा-शिशाचा भार टाकू नका. ज्येष्ठमधाचा अर्कही सिस्प्लॅटिन किंवा अ‍ॅबिराटेरोन (प्रोस्टेट कॅन्सरची गोळी) यांच्याबरोबर नको, दोन्हीकडून पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. घसा खवखवतोय म्हणून कांडी एकदा चघळली तर आकाश कोसळत नाही, रोजचा चमचा-चमचा मात्र नको. सोनामुखी असलेली पोट साफ करणारी चूर्णं इरिनोटेकन आणि कॅपेसिटाबिनच्या पेशंटने घेऊ नयेत, त्या औषधांनी जुलाब तसेच होतात.

उपयोगी काहीच नाही असं नाही. आल्याचं बघा. अमेरिकेतल्या ५७६ पेशंटच्या चाचणीत रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठीएवढ्या आल्याने, नेहमीच्या उलटीच्या औषधांबरोबर, पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. अर्धा ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा चौथा भाग सुंठपूड. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र विचारून. त्रिफळ्याच्या कोमट, उकळून गाळलेल्या पाण्याने गुळण्या करून थुंकून टाकणं यातही फारसं काही बिघडत नाही, पोटात जात नाही ना.

आणि वनस्पतीच्या विषापेक्षा मोठं नुकसान वेळेचं होतं. बरा होण्यासारखा, न पसरलेला कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ जणांचा अमेरिकेतला अभ्यास २०१८ मध्ये आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त.

ज्यांना तरीही वैद्यांचं औषध बरोबर घ्यायचं आहे, त्यांनी ते लपवून घेऊ नये. लपवण्यातूनच निम्म्या गडबडी होतात. एका कागदावर लिहा: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग (मूळ, साल, पान), चूर्ण की काढा की अर्क, अर्क असेल तर गुणोत्तर, एका वेळची मात्रा मिलिग्रॅममध्ये, दिवसातून किती वेळा, कुठल्या तारखेपासून. डबीच्या चारही बाजूंचे फोटो काढा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादनाच्या परवान्याचा नंबर आणि बॅच नंबर असतो. फक्त चौदा आकडी एफएसएसएआय नंबर असेल तर ते कायद्याने अन्न आहे, औषध म्हणून त्याची तपासणी झालेली नाही. 'कॅन्सर हमखास बरा' असं डबीवर किंवा जाहिरातीत लिहिलं असेल तर ते १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. असा माल परत ठेवा.

हा कागद कॅन्सरच्या डॉक्टरना आणि वैद्यांना, दोघांनाही दाखवा. दोघांनी हो म्हटलं तरी एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा. सुरू करण्याआधी लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि रक्तपेशींची तपासणी, मग दोन आठवड्यांनी, मग चार आठवड्यांनी. एसजीपीटी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट आणि बिलिरुबिन दुप्पट, असं दोन्ही एकदम दिसलं तर लिव्हर गंभीर धोक्यात आहे. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी लसूण, आलं, हळद यांचे अर्क आणि अश्वगंधा बंद. जेवणातलं लसूण-आलं बंद करायची गरज नाही. रेडिएशनच्या दिवशी त्या जागेवर सेशनच्या आधी कुठलाही लेप नको, हळदीचा नको आणि कोरफडीचाही नको.

डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, अंगाला खाज, अन्नाचा वास नकोसा: यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी वनस्पतीची सगळी औषधं थांबवा आणि लिव्हरची तपासणी करा. केमोची गोळी स्वतःहून थांबवू नका, ते डॉक्टर ठरवतील. उरलेलं चूर्ण किंवा कॅप्सूल फेकून देऊ नका. वीसेक ग्रॅम हवाबंद पिशवीत घालून, तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा, तपासायची वेळ आली तर तेवढाच पुरावा असतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४ आहे, तिथे पेशंटचे नातेवाईकही थेट कळवू शकतात. फोन करण्याआधी डबीवरचा बॅच नंबर आणि तो तारखांचा कागद समोर घेऊन बसा.